आमच्या घरी किती जण? चित्रपुस्तकातलं दहावं पान ठेवू की काढू?

सांदवाडी:

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून थोडं लांबण लावते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चंद्रपूर जिल्हा, सिंदेवाही-नागभीडचा पट्टा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिली ते चौथी मिळून 31 लेकरं आणि आम्ही दोघं शिक्षक. मी मूळची अमरावतीकडची, कपाशीच्या वावरात वाढलेली. लग्न होऊन या धानपट्ट्यात आले त्याला 9 वर्षं झाली, तरी मी 'वावर' म्हटलं की पोट्टे हसतात. "मॅडम, बांधी म्हना."

शाळेच्या कपाटात चित्रांची पुस्तकं आहेत. त्यांना नावं ठेवत नाही, लेकरं ती आवडीने बघतात. पण त्यातलं घर म्हणजे लाल छप्पर, मागे दोन डोंगर आणि डोंगरांमधून उगवणारा सूर्य. मग कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडे जंगल. आमच्याकडे सूर्य तलावाच्या पाळीवरून उगवतो, आणि जंगल कुंपणापाशी थांबत नाही. ते कवेलूखालीच, म्हणजे छपराच्या कौलांखालीच, सुरू होतं.

गेल्या पावसाळ्यात जनगणनेच्या गप्पा चालल्या होत्या, तेव्हा मी सासूबाईंना सहज विचारलं, आपल्या घरी किती जण? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मानसं मोजू का सारेच मोजू?" पुस्तक तिथेच सुचलं. पहिली-दुसरीसाठी अंकांचं पुस्तक, 'आमच्या घरी किती जण?'

पहिल्या अंकात सगळी माणसं उरकली, सगळ्यांचं मिळून एक घर. दुसरी गाय, तिसरी कोंबडी. चौथ्या अंकाला कवेलूच्या फटीतली चिमणी, पाचव्याला देवाच्या फोटोमागची पाल. सहावा न्हाणीतला बेडूक. हा खरंच आहे, बादलीच्या कडेवर बसतो आणि अंगावर पाणी घेताना एकटक बघतो. सातवी तणसाच्या ढिगातली धामण. हिच्यावरून घरात भांडण झालं. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हे सासूबाईंना पुस्तकात हवं होतं. मी म्हटलं, साप दूध पीत नाही आणि धामणीला विषही नसतं, ती उंदरांसाठी येते. त्या म्हणाल्या, "तू पाह्यलं का?" मी म्हटलं, तुम्ही पाहिलं का? दोघींनीही पाहिलेलं नव्हतं. पुस्तकात उंदीरच आला. आठवं पडक्या वाड्यातलं घुबड. नववं अस्वल, ओळ अशी: 'मोह पडला की आजीच्या आधी येतं.' चित्रात पहाट, मोहाचं झाड, खाली टोपली घेऊन वाकलेली आजी, आणि झाडाच्या मागे अस्वलाचं काळं ढुंगण.

दहावा वाघ. ओळ: 'दहावा दिसत नाही. सकाळी बांधीच्या चिखलात त्याचा पाय सापडतो.' चित्रात रात्र आहे, अंगणात खाटांवर सगळे झोपलेत, कुंपणाबाहेरून तो चाललाय. खोटं नाही बोलत, मला स्वतःला हे चित्र सगळ्यात जास्त आवडलं होतं.

चार ड्रॉइंग शीट दुमडून 16 पानांची वही शिवली आणि वर्गात वाचली. मग एकेकाच्या हातात दिली. दहाव्यावर सगळे ओरडायचे. दुसरीतला एक मुलगा ओरडला नाही. घुबडापर्यंत त्याने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मग दोन पानं एकत्र चिमटीत धरून उलटली आणि शेवटचं चित्र बघत बसला. वही मला परत दिली. म्हणाला, "झालं."

त्याची आजी दोन वर्षांपूर्वी एप्रिलात पहाटे मोह वेचायला गेली होती. पुढचं लिहीत नाही, इकडच्या लोकांना लिहावं लागत नाही. मला हे माहीत होतं. माहीत असून पुस्तक करताना एकदाही आठवलं नाही, याचीच लाज वाटते.

माझे सहकारी गुरुजी म्हणतात, पान काढून टाका, दहाव्या अंकाला मोर काढा. सासूबाई म्हणतात, "डोरे मिटले म्हनून का जंगल जाते का?" मुलाच्या घरी जाऊन विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. ठेवू की काढू? आणि कुणाला चित्रांचं, छपाईचं कळत असेल तर तेही सांगा. 31 प्रती करायच्या आहेत, पैसे माझ्याच खिशातले.

---

धुऱ्यावरचा:

मॅडम, मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्याकडे वाघापेक्षा सारसाचं जास्त आहे, म्हणून वाघाबद्दल बोलण्याचा अधिकार सांगत नाही. पण तुमच्या पुस्तकात एक गोष्ट राहून गेली असं वाटलं. तुमच्या घरात राहणारं कुणीच काही खात नाही, काही मोडत नाही. चिमणी धान खाते की नाही? कोंबडीची पिल्लं मुंगूस नेतं की नाही?

माझ्या मोठ्या भावाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. सारस हा काही बगळा नाही, उभा राहिला तर पाच-साडेपाच फूट भरतो, म्हणजे माझ्या मायपेक्षा उंच. धानाचे बुंधे आणि पाण्यातलं गवत उपटून बांधीच्या मधोमध ढीग रचला. दोन-तीन खाटा मावतील एवढी जागा गेली. भाऊ काठी घेऊन निघाला होता, खरं सांगतो. मायनं अडवलं. म्हणाली, बाळंतीण आहे ती, तिला कुठं हाकलतोस.

दोन अंडी होती. महिनाभर नर-मादी आळीपाळीनं बसले. त्या बाजूचं निंदण आम्ही केलं नाही, फवारणी केली नाही, गावातली कुत्री येऊ नयेत म्हणून पुतण्या शाळेतून आला की धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसायचा. भाऊ रोज शिव्या द्यायचा आणि रोज जाऊन बघायचा. एक पिल्लू जगलं. दुसऱ्याचं काय झालं कळलं नाही.

2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून साहेब लोकांचं मोजायला येणं वाढलं. त्याआधी माझी माय मोजत होती. सकाळी दोघांची जोडीनं आरोळी आली की म्हणायची, आहेत दोघंही. विजेच्या तारांनी एक जरी गेला असता तर तिला सगळ्यात आधी कळलं असतं.

सांगायचं एवढंच, की मोडलेला धान चित्रात काढा. भावाच्या हातातली काठीही काढा. माझ्या भावाला गोड आजोबा करून टाकलं तर आमच्या गावची पोरं विश्वास ठेवणार नाहीत.

---

जागल्या:

मी यवतमाळकडचा. थोडं कडू बोलतो, मॅडमनं राग मानू नये.

'निसर्गाशी मिळून-मिसळून' हे शब्द ऐकले की मले माझी तूर आठवते. डुकरं एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातात. रोही, म्हणजे नीलगाय, उभ्या हरभऱ्याचे शेंडे खाते. आम्ही नवरात्रापासून जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जातो ते पीक घरात येईपर्यंत. माचावर गोधडी, टॉर्च आणि फुटका डबा, झोप लागली की रात्र हरली. आता कुंपणाच्या तारेले सोलरची झटका मशीन लावली आहे, पण ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते आणि डुकराले ते बरोबर समजते, बाप्पा.

पांढरकवडा-राळेगाव भागात टी-1 वाघीण होती तेव्हा आमच्या बाया घोळका केल्याशिवाय कपाशीत पाय टाकत नव्हत्या. तेरा माणसं मारल्याचा तिच्यावर आरोप. नोव्हेंबर 2018 मध्ये तिला मारलं तेव्हा आमच्याकडे फटाके फुटले आणि शहरांत मोर्चे निघाले. दोन्हीकडचे लोक मराठीच बोलत होते. तिला मारायची पद्धत चुकली असं मलेही वाटते, पण आमच्या फटाक्यांले कोणी विचारलं नाही, की तुम्ही काऊन फोडले.

म्हणून माझं मत, पान काढा. त्या लेकराले रोज ते जंगल दिसतेच. पुस्तकात तरी त्याले सुट्टी द्या.

आता हे लिहून झाल्यावर आठवलं ते सांगतो. माझ्या माचाच्या बाजूले कडुलिंबावर पांढरं घुबड बसायचं. बाबा असताना आम्ही दोघं जागलीला असायचो. ते उडालं की पंखाचा आवाज येत नाही, फक्त चांदणं हलल्यासारखं वाटते. बाबा म्हणायचे, हाही जागल्याच आहे, फक्त याले मजुरी उंदरात मिळते. माझं इथलं नाव तिथून घेतलं आहे. तर घुबडाचं पान ठेवा म्हणतो मी.

---

सांदवाडी:

जागल्या भाऊ, राग कशाचा? माझे बाबाही जागलीला जात, मला ते डब्याचे आवाज आठवतात. 'लेकराला सुट्टी द्या' हे वाक्य दिवसभर डोक्यात होतं.

धुऱ्यावरचे दादा, तुमचं म्हणणं पटलं. कोंबडीच्या पानावर आता चार पिल्लं आणि एक मुंगूस आहे. लेकरांनी पिल्लं मोजली, मग मुंगसाकडे बघितलं, आणि पुढच्या पानावर तीनच पिल्लं आहेत हे पहिलीतल्या एका मुलीने मला दाखवलं. वजाबाकी शिकवायची राहिली होती, तीही झाली.

---

रेघोट्या:

मी नागपुरात चित्रं काढून पोट भरते, बालपण उमरेडकडे गेलं. आधी कामाचं सांगते, मग दुसरं.

मधोमध टाचण्या मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत लागतात, तुमची 16 बरोबर आहेत. ए-3 कागदाचे चार ताव, दोन्ही बाजूंनी छापून दुमडले की झालं. 1 आणि 16 कागदाच्या एकाच बाजूला येतात, 2 आणि 15 त्यांच्या पाठीवर, असं आत जात 8-9 मध्ये येतात. दोन पानांवर पसरलेलं चित्र फक्त 8-9 वरच अखंड कागदावर येतं. बाकी ठिकाणी ते दोन वेगळ्या तावांवर असतं आणि दुमडताना एक-दोन मिलिमीटर सरकतं. तिथे कुणाचं तोंड घडीत येऊ देऊ नका, गाय चकणी होते. रंगीत झेरॉक्स महाग पडेल. काळ्या रेघेत छापा आणि रंग मुलांनाच भरू द्या. 31 प्रती 31 वेगळ्या होतील. मुखपृष्ठ तेवढं जाड कागदाचं घ्या, नाहीतर पोरं आठवड्यात कान काढतील.

वाघाचं: बुबुळ गोल काढा, घरच्या मांजरीसारखी उभी फट नको. ही चूक मोठेमोठे करतात. कानाच्या मागे पांढरा ठिपका असतो, तो पाठमोऱ्या वाघाला हमखास काढा. सारस काढणार असाल तर डोकं आणि वरची मान लाल, पाय गुलाबीसर, आणि पिल्लू बदामी.

आता दुसरं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी इथे कागद दुमडून बघितला. मुखपृष्ठ 1, आतलं कोरं 2, नाव 3, मग अंक 4 पासून 13 पर्यंत, शेवटचं मोठं चित्र 14-15. बरोबर? तसं असेल तर घुबड 11 वर येतं. त्याच्यामागे 12 वर मोह आणि अस्वल, आणि 13 वर वाघ. 12 आणि 13 समोरासमोर उघडतात.

त्या मुलाने घुबडापर्यंत वाचलं आणि दोन पानं एकत्र उलटली. म्हणजे त्याने एकटा वाघ नाही टाळला. मोहही टाळला. आणि मोहाखाली तुम्ही वाकलेली आजी काढली आहे. तिच्या उजव्या हाताला, त्याच उघडलेल्या जोडपानावर, वाघ चाललाय.

मला वाटतं तुम्ही चुकीच्या पानाबद्दल विचारताय.

---

सांदवाडी:

वही समोर घेऊन बसले आहे. 12 आणि 13. तुम्ही म्हणता तसंच आहे. मी शिवताना हे बघितलंच नाही.

आज जास्त लिहिता येणार नाही.

---

बीटवाला:

मॅडम, मी वन विभागात आहे, ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यात, बीट (गस्तीचा भाग) सांभाळतो. हुद्दा सांगत नाही, इथे मी घरून लिहितो आहे.

मोहाच्या दिवसांत आम्हाला झोप नसते. फूल रात्री उशिरा गळायला लागतं ते सकाळपर्यंत. ऊन चढलं की गुरं, चितळं खातात, म्हणून माणूस अंधारात निघतो. पालापाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखाली लोक जाळतात, तो वणवा वेगळाच. आणि वेचणारा माणूस वाकलेला असतो. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो, वाकलेला कशासारखा दिसतो ते तुम्हाला सांगायला नको. तेंदूपत्त्यालाही तेच. आम्ही गावोगाव सांगतो, उजाडल्याशिवाय निघू नका, चार-पाच जण मिळून जा, एकाने उभं राहून बघत राहा, बोलत राहा. लोक ऐकतात. पण झाडं वाटलेली असतात, हे झाड अमक्याच्या घरचं, ते तमक्याच्या. उशिरा गेलं तर फूल दुसरा नेईल अशी भीती. पोटाची गोष्ट आहे, मी कुणाला शहाणपण शिकवत नाही.

पुस्तकात मोह काढणार असाल तर एवढं करा. आजीला एकटी काढू नका. चार बाया काढा, एक उभी. उपदेश लिहू नका, नुसतं चित्रात दिसू द्या.

आणखी एक. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान 1955 चं, राज्यातलं पहिलं. पर्यटक येतात ते वाघ बघायला. पण ताडोबा हे नाव वाघाचं नाही. तारू नावाचा गावचा प्रमुख होता, तो वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव केला, अशी इथली जुनी कथा आहे. तलावाच्या काठावर मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात आदिवासींची जत्रा भरत आली आहे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने हे सगळं जंगल ओळखलं जातं. नोकरीला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या वनमजुराने हे सांगितलं होतं, त्याआधी मीही दहा वेळा ते नाव सही-शिक्क्यासकट लिहिलं होतं.

ही कथा मुलाला सांगा असं म्हणत नाही. तुम्हाला सांगितली.

---

धुऱ्यावरचा:

बीटवाले साहेब, झाडं वाटलेली असतात ते अगदी बरोबर. आमच्याकडे बहिणीला आंदण म्हणून मोहाचं झाड दिल्याचं मी ऐकलं आहे.

---

जागल्या:

पान काढा म्हटलं होतं, ते मागं घेत नाही. पण आता कोणतं पान काढा म्हणू ते समजून नाही रायलं.

---

सांदवाडी:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मध्ये परीक्षा होत्या आणि माझी हिंमत गोळा व्हायची होती.

रविवारी त्या मुलाच्या घरी गेले. सासूबाई सोबत आल्या. त्या नसत्या तर मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले असते. घरी त्याचे आजोबा होते, कुडाच्या भिंतीला टेकून दोर वळत बसलेले. चहा झाला. गावातल्या लग्नांच्या गोष्टी झाल्या. वही माझ्या पिशवीतच. शेवटी सासूबाईंनीच पिशवीत हात घालून ती काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "आमची सून का करते पाहा."

आजोबांना वाचता येत नाही. मुलगा शेजारी येऊन बसला आणि वाचून दाखवायला लागला, वर्गात वाचतो तसं, बोट ठेवून. घुबड झालं. मी जमिनीकडे बघत होते. पान उलटल्याचा आवाज आला, एकच पान.

मी ते जोडपान तोडलेलं होतं. घुबड आणि मोह यांच्यामध्ये एक कोरं पान घातलं होतं, नुसता अंधार, काळा रंग आणि चांदण्या. शेवटचं मोठं चित्र एकाच पानावर आणून जागा काढली. त्यामुळे मोह आता उजव्या पानावर येतो आणि वाघ त्याच्या पाठीमागे, पान उलटल्यावर. मोहाखाली चार बाया, एक उभी. आजी कुठली ते ओळखू येत नाही, चौघी सारख्याच.

मुलगा त्या पानावर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "मॅडम, टोपल्यात नाही वेचत. पहिले ओट्यात वेचते. ओटा भरला का मंग टोपल्यात टाकते."

मी म्हटलं, बरं. (ओटा म्हणजे लुगड्याची पुढे केलेली ओटी.)

"आन् ही उभी हाये ना, हिच्या हातात काही नाही. आजी बसली नसली तं तिच्या हातात विळा राहे."

आजोबांनी दोर खाली ठेवला होता. त्यांनी पान स्वतः उलटलं, वाघाचं आलं. खाटांवरची माणसं, कुंपण, तो. मुलाने ओळ वाचली. आजोबा म्हणाले, "पुस्तकाचं नाव का हाये?" मी सांगितलं, आमच्या घरी किती जण. त्यांनी मान हलवली. "मंग हा यात नोको, बाई. हा घरचा नाही. रानचा हाये. घरचे नवच." मग थोडं थांबून, "राहू दे त्याले. पन मोजू नोको."

एवढंच. रागाने बोलले नाहीत, तसा मोठेपणाही दाखवला नाही. दोर पुन्हा हातात घेतला. सासूबाई निघताना त्यांना म्हणाल्या, धामण गाईचं दूध पिते की नाही? ते म्हणाले, पिते ना. त्या रस्ताभर माझ्याकडे बघून हसत होत्या.

तर आता असं केलंय. पानावरचा 10 खोडला. अंक नऊवर संपतात. वाघाच्या पानावर अंक नाही, आणि ओळ बदलली: 'घरचे नऊ. हा रानचा. सकाळी चिखलात याचा पाय सापडतो.' सहकारी गुरुजींचं म्हणणं, अंकांचं पुस्तक दहापर्यंत हवं, अभ्यासक्रमात तसं आहे. मी म्हटलं, दहा बोटांवर शिकवीन.

जागल्या भाऊ, तुमचं ऐकलं नाही, पण अंधाराचं जे पान घातलं ते तुमच्या सुट्टीवरूनच सुचलं. बीटवाले दादा, मोहाच्या पानावरची उभी बाई तुमची, विळा मुलाचा. धुऱ्यावरचे दादा, सारस आमच्याकडे नाही म्हणून काढला नाही, पण बांधीत मोडलेला धान काढलाय. डुकरांनी मोडलेला.

आता चौघींचे ओटे पुन्हा काढायचे आहेत. नऊवारीचा ओटा वाकल्यावर कसा लोंबतो ते मला जमत नाही, सासूबाईंना अंगणात वाकवून उभं केलं तर म्हणतात कंबर मोडेल. रेघोट्या ताई, मुखपृष्ठ मीच रंगवणार आहे, त्यावर मोहफुलं पसरायची आहेत. मोहाचा पिवळा नेमका कोणता? माझ्या पेटीतल्या पिवळ्याने ती पपईच्या फोडींसारखी दिसतात.

---

रेघोट्या:

पेटीतला पिवळा घेऊच नका. पांढऱ्यात पिवळ्याचा जेमतेम थेंब आणि हिरव्याचा त्याहून कमी. तो ताज्या फुलाचा. दोन दिवस उन्हात वाळलेलं काढायचं असेल तर तपकिरीत थोडा लाल, मनुकेसारखा. एकाच टोपलीत दोन्ही रंग काढू नका, ताजं आणि वाळलेलं एकत्र कुणी ठेवत नाही, तो मुलगा लगेच पकडेल.

ओट्याचं: समोरून नका काढू, बाजूने काढा. वजन गुडघ्याच्या वर येतं आणि एक हात खालून आधाराला असतो. माझी आजी तशी वेचायची. जुना फोटो आहे, बघून रेघेत काढते आणि उद्या इथे टाकते.

---

सांदवाडी:

टाका. विळा कोणत्या हातात ते उद्या त्याला विचारते.